गोफण आणि अंतराळांतील घर



परभणी जिल्ह्यांत ज्वारीचीं कणसें भरलीं, कीं राखणदार माळ्यावर चढून गोफण गरगर फिरवितो. गोफणींतील दगड क्षणोक्षणीं सरळ निघून जाऊं पाहतो. दोरी त्याला आंत खेंचून धरते. त्या दगडाच्या जागीं आपण उभे आहोंत अशी कल्पना करा. गोफणीची पट्टी आपल्या पायांना सारखी रेटीत राहील व ती आपल्याला जमिनीसारखी भासेल. अंतराळांत कृत्रिम गुरुत्व निर्माण करण्याची युक्ति ती हीच.

परंतु तिची गरजच काय, असें कोणी विचारील. सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरत आहे. तेथेंही पृथ्वीचें आकर्षण येथल्याच्या जवळजवळ नऊ दशांश असतें. मात्र स्थानक आणि त्यांतील माणसें पृथ्वीभोंवतीं एकत्रच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाहीं. आपले शुभांशु शुक्ला २०२५ सालीं तेथें अडीच आठवडे राहून आले. मुक्काम कांहीं महिन्यांचा झाला, म्हणजे भार वाहणाऱ्या हाडांतील द्रव्य दरमहा शेंकडा १ ते १॥ या प्रमाणांत झिजूं लागतें. रोज दोन तास व्यायाम करूनही ही झीज सर्वस्वीं थांबतेच असें नाहीं. आणि मंगळाकडे जाण्याचाच प्रवास सहा-सात महिन्यांचा!

मग फिरतें घर अद्याप कां झालें नाहीं? हर्मान पोटोच्निक या अभियंत्यानें १९२९ सालच्या पुस्तकांत ३० मीटर व्यासाच्या चाकाकार घराचा आराखडा दिला होता. १९६६ सालीं जेमिनी-११ हें यान दुसऱ्या यानाला ३० मीटर लांबीच्या पट्ट्यानें बांधून हळूहळू फिरविण्यांत आलें. हातांतून सोडलेला कॅमेरा एका बाजूस सरकला, इतकेंच तें गुरुत्व. माणसांना तें जाणवलेंही नाहीं.

अडचण आहे ती आकाराची. दोरी जितकी आंखूड, तितकी गोफण वेगानें फिरवावी लागते. १० मीटर त्रिज्येच्या चाकांत पृथ्वीइतकें वजन हवें असेल, तर मिनिटाला सुमारें ९॥ फेरे घ्यावे लागतील. तेथें डोक्यावरील ओढ पायांवरील ओढीहून जवळजवळ एक पंचमांश कमी भरेल, आणि मान वळवितांच घेरी येईल. फेरे दोनच ठेविले, तर त्रिज्या २२४ मीटर हवी. म्हणजे घेर १४०० मीटरांचा! आजचें स्थानक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर आहे.

तेव्हां अवघें चाक बांधण्याऐवजीं दोन यानें लांब दोरानें जोडून एकमेकांभोंवतीं फिरवावीं, असाही मार्ग शास्त्रज्ञांनीं सुचविला आहे. चाकाच्या अवजड घेराहून दोर पुष्कळच हलका. मंगळाच्या वाटेवर माणसाचीं हाडें शाबूत राखावयाचीं, तर अशी लांब दोरीची गोफण साधणें हाच त्यांतल्या त्यांत सोपा उपाय दिसतो.