चालत्या सर्व्हरचे स्थलांतर : आमच्या संगणक कक्षाविषयी थोडेसे

एका सर्व्हरवर काम भागत असताना दुसरा कशासाठी, आणि दोन्हींवरचा भार निम्म्याहून कमीच का ठेवता, असा प्रश्न आम्हांस अनेक देणगीदार व काही विश्वस्तही विचारतात. देणगीचा रुपया कोठे गेला हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

आमची केसपेपर नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषध भांडार व बिले ही कामे चार स्वतंत्र संगणकांवर चालतात असे वाटते. प्रत्यक्षात ते चारही आभासी आहेत. एकाच मोठ्या यंत्राची स्मृती व प्रक्रियाशक्ती वाटून घेऊन नांदणाऱ्या अशा संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत, तसेच. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने 1972 मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. नवे आहे ते चालते बिऱ्हाड, चूल न विझवता, दुसऱ्या वाड्यात नेणे.

डाळज परिसरातील वाचकांना स्थलांतर समजावून सांगण्याची गरज नाही. भीमेवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि या पट्ट्यातील कित्येक गावांना जुनी घरे पाण्याखाली सोडून वर यावे लागले. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर आजही वर दिसते. घर हलवताना शहाणा माणूस आधी कणगी, अवजारे, जादा भांडी नेतो. रोजच्या वापरातले शेवटी. तरीही पहिल्या खेपेनंतर घरात काहीतरी नवे जमतेच, त्यासाठी दुसरी खेप, मग तिसरी. अखेरीस उरते ती चूल व माणसे.

सर्व्हरचे अगदी असेच होते. यंत्र चालू असतानाच त्याची सारी स्मृती दुसऱ्या सर्व्हरवर उतरवली जाते. तेवढ्यात जी पाने बदलली, ती पुन्हा पाठवतात. बदललेली पाने अगदी थोडी उरली की यंत्र क्षणभर थांबवून तेवढी नेतात व नव्या जागी ते पुढे चालू करतात. चकतीवरील माहिती दोन्ही सर्व्हरना सामाईक असलेल्या साठवणीत राहते. ती हलवावीच लागत नाही. केंब्रिज व कोपनहेगन विद्यापीठांतील संशोधकांनी 2005 मध्ये या पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध केले. खेळाडू खेळत असलेला एक संगणकीय खेळ त्यांनी यंत्रासह हलवला. खंड पडला तो सुमारे 60 मिलिसेकंदांचा. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो!

मात्र हे सर्व सुरळीत होईलच असे नाही. नोंदी बदलण्याचा वेग वाहतुकीच्या वेगाहून अधिक असेल, तर खेपा संपतच नाहीत. 16 जीबी स्मृती सेकंदाला 1 गिगाबिटच्या जोडणीवरून न्यायला सव्वादोन मिनिटे तरी लागतात. जुन्या 100 मेगाबिटच्या तारेवर हेच काम तेवीस मिनिटांचे. म्हणून बिलांची गर्दी असताना आम्ही स्थलांतर करत नाही आणि त्यासाठी तारही वेगळी ठेवली आहे. दोन सर्व्हरचे प्रोसेसर निरनिराळ्या पिढीचे असले तर नवे यंत्र जुन्यावर जाण्यास नकार देते. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींना समान गुणांपुरतेच मर्यादित करणे. प्रयोगशाळेचे एखादे उपकरण थेट तारेने एका सर्व्हरला जोडलेले असेल, तर त्याचे यंत्र खुंटीला बांधलेल्या बैलासारखे जागचे हलत नाही. विसरून आत राहिलेली सीडीदेखील आडवी येऊ शकते. अशा क्षुल्लक गोष्टींतच आमचा अधिक वेळ गेला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

एकदा तर स्थलांतर यशस्वी झाल्याचा संदेश आला आणि अपघात कक्षात केसपेपर उघडेना. यंत्र उत्तम चालू होते, पण नव्या सर्व्हरवर त्याच्या जाळ्याचा क्रमांक चुकीचा नोंदलेला होता. म्हणजे माणूस नव्या घरी पोहोचला, पत्ता मात्र कोणालाच ठाऊक नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरील जखमी आणले जातात ते याच कक्षात. त्या रात्री परिचारिकांनी कागदी वहीवर काम निभावले. तेव्हापासून आम्ही यंत्रावरच्या संदेशावर विसंबत नाही; कक्षातून कोणी स्वतः केसपेपर उघडून दाखवल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानत नाही.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. सर्व्हर अचानक बंद पडला तर स्थलांतराला अवधीच मिळत नाही. तेव्हा त्यावरील यंत्रे दुसऱ्या सर्व्हरवर नव्याने सुरू होतात. काही मिनिटे जातात, न जतन केलेले लिखाण जाते. त्यासाठीच दोन्हींवर निम्मी जागा मोकळी लागते. शिवाय दोन सर्व्हरचा परस्परांशी संपर्क तुटला आणि दोघांनीही एकच यंत्र सुरू केले, तर सामाईक साठवणीवर दोघे एकाच वेळी लिहून नोंदींचा नाश करतील. हा धोका सर्वांत भयंकर. तो टाळण्यास तिसरा साक्षीदार ठेवावा लागतो. ज्याच्या बाजूला बहुमत, त्यानेच चालावे. आमच्याकडे हे काम एक लहानसा संगणक करतो. आणि चुकून पुसलेली नोंद मात्र स्थलांतराने परत येत नाही. तिच्यासाठी रोजची वेगळी प्रत इमारतीबाहेर ठेवतो.

अपघात कक्षातील कागदी वही आम्ही बंद केलेली नाही. ती टेबलाच्या उजव्या खणात असते. नातेवाइकांनी परिचारिकेला तीत लिहिताना पाहिले, तर संगणक कक्षात बहुधा एखादे बिऱ्हाड हलत असते.