जखमीचे पहिले तीन तास आणि अखेरचा निर्णय

गंभीर अपघातात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत वैद्यकशास्त्रापुढे दोन प्रश्न उभे राहतात. वाहून जाणारे रक्त कसे थांबवावे, हा पहिला. सर्व उपाय होऊनही रुग्ण बरा होण्याची आशा उरली नाही, तर यंत्रांच्या आधाराने उपचार कोठवर चालू ठेवावेत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काही मिनिटांत द्यावे लागते. दुसऱ्यासाठी पुष्कळ विचारविनिमय करावा लागतो. परंतु दोहोंत एक साम्य आहे. ज्याच्या जिवाचा प्रश्न असतो, तो स्वतः त्या वेळी बहुधा बोलू शकत नाही. म्हणूनच या दोन्ही प्रसंगांची तयारी घरात आणि गावात आधीच व्हावयास हवी.

रक्त थांबते कसे?

जखम झाली की रक्तात विरघळलेले एक प्रथिन तंतूंचे रूप घेते. या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात, गुठळी तयार होते आणि फुटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड बंद होते. पुढे जखम भरून आली, की ही गुठळी विरघळविण्याची व्यवस्थाही शरीरातच असते. मोठ्या आघातानंतर मात्र ही दुसरी व्यवस्था अनेकदा अकाली जागी होते. गुठळी धरते न धरते तोच ती विरघळू लागते आणि रक्तस्राव चालूच राहतो.

गुठळीचे हे विरघळणे रोखणारे औषध म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानमधील शोसुके आणि उताको ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये त्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. अपघातातील जखमींवर त्याचा मोठा प्रयोग होण्यास मात्र जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

वीस हजार जखमींची साक्ष

लंडन येथील आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाच्या पुढाकाराने ‘क्रॅश-२’ या नावाने हा प्रयोग झाला. ४० देशांतील २७४ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,२११ जखमींचा त्यात समावेश होता. त्यांत भारतातील रुग्णालयांचाही वाटा होता. कोणत्या रुग्णास औषध मिळावे आणि कोणास औषधासारखेच दिसणारे साधे द्रावण मिळावे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविले गेले. आपण काय देत आहोत, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

२०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधे द्रावण मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले होते. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण १४.५ टक्के होते. म्हणजे दर हजार जखमींमागे सुमारे पंधरा जीव वाचले. हा फरक वरवर लहान वाटेल. परंतु औषध स्वस्त आहे आणि ते देण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही, हे लक्षात घेता त्याचे मोल कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जखमींच्या उपचारासाठी या औषधाचा समावेश आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

विलंबाची किंमत

याच प्रयोगाच्या पुढील विश्लेषणातून अधिक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. दुखापतीनंतर एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. एक ते तीन तासांच्या दरम्यानही लाभ दिसला. तीन तास उलटून गेल्यावर मात्र चित्र पालटले. औषध मिळालेल्यांत असे मृत्यू ४.४ टक्के, तर न मिळालेल्यांत ३.१ टक्के होते. जे औषध वेळेवर तारक ठरते, तेच उशिरा अपायकारक ठरू शकते. सुमारे ४० हजार रुग्णांच्या माहितीवरून २०१८ मध्ये असेही दाखविण्यात आले, की पंधरा मिनिटांच्या प्रत्येक विलंबागणिक औषधाचा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

औषध कधी व किती द्यावयाचे, हे डॉक्टरच ठरवतील. परंतु जखमी त्यांच्यापर्यंत केव्हा पोहोचतो, हे रस्त्यावरील माणसांवर अवलंबून असते. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे आणि दुखापतीची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगणे, ही कामे कोणासही करता येतात. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक मागे सरतात. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले असून, आपले नाव सांगावे की नाही हेही त्याच्याच इच्छेवर सोपविले आहे.

अतिदक्षता विभागातील प्रश्न

बेशुद्ध जखमीची संमती कशी घ्यावयाची, हा प्रश्न संशोधकांपुढेही होता. शक्य तेथे नातेवाइकांची संमती घेण्यात आली. नातेवाईक नसतील तेथे त्या त्या देशाच्या नियमांनुसार पर्यायी व्यवस्था करण्यात आली. अतिदक्षता विभागात हाच प्रश्न अधिक कठीण होऊन पुढे येतो. कृत्रिम श्वसनयंत्र श्वास चालू ठेवते. मूळ दुखापत वा आजार मात्र ते बरा करीत नाही. युरोपातील १७ देशांच्या ३७ अतिदक्षता विभागांतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मरण पावलेल्या किंवा ज्यांचे उपचार मर्यादित करण्यात आले अशा ४,२४८ रुग्णांची त्यात पाहणी झाली होती. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या बाबतीत जीवरक्षक उपचार न वाढविण्याचा किंवा काढून घेण्याचा निर्णय झाला होता. असे निर्णय कोणत्या प्रकारे होतात, यात देशादेशांत बराच फरक आढळला.

भारतात या विषयाची चर्चा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने घरोघर पोहोचली. १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर त्या २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्यांचे उपचार थांबविण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारली. मात्र विशिष्ट परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबविता येतील, हे तत्त्व मान्य केले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला आणि वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडविण्यास मात्र कायद्याची अनुमती नाही.

इच्छापत्र व पंचायत

२०२३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत सुलभ केली. सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून हे पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. स्वतः निर्णय घेता येणार नाही अशा वेळी कोणी घ्यावा, त्यांची नावे त्यात असावीत. ते केव्हाही रद्द करता येते. बरे होण्याची आशा नसेल तेव्हाच ते विचारात घेतले जाते. तेही डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र मंडळांनी संमती दिल्यानंतर. इच्छापत्र नसल्यास जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच मार्गाने निर्णय होतो. यंत्रे काढली तरी वेदनाशमन व शुश्रूषा चालूच ठेवावी लागते.

या इच्छापत्राची एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात स्थानिक संस्थांसाठी असे अभिरक्षक नेमण्याची कार्यवाही झाली. आपल्या भागातील अभिरक्षक कोण, याची माहिती ग्रामसभेत देणे आणि शाळेत रक्तस्राव थांबविण्याचे प्रात्यक्षिक दाखविणे, ही दोन्ही कामे फारशा खर्चाची नाहीत. दुसऱ्याने एखादा जीव वेळीच वाचेल. पहिल्यामुळे अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या एखाद्या कुटुंबाला आपल्या माणसाच्या मनात काय होते, याचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही.