आंबट कोबीचे पोलिश सूप

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत युनियनमध्ये हद्दपार झालेली ही माणसे इराणमार्गे इकडे आली. ‘गोऱ्या बायका भाजी घ्यायला यायच्या,’ असे माझी आजी सांगायची.

लग्न होऊन मी कन्नड घरात आले, तेव्हा आजीची ती गोष्ट मला नव्याने कळली. नवी भाषा हळूहळू अंगवळणी पडते. जिभेची ओढ मात्र माहेरचीच राहते. म्हणून त्या बायकांच्या देशातले घरोघरचे सूप करून पाहायचे ठरवले. नाव ‘कापुश्न्याक’. ‘कापुस्ता’ म्हणजे कोबी, आपला एलेकोसु.

यात ताजा नव्हे, आंबवलेला कोबी लागतो. एक किलो कोबी बारीक चिरून २० ग्रॅम मीठ लावा आणि पाणी सुटेपर्यंत हाताने चुरा. काचेच्या बरणीत दाबून भरा. कोबी स्वतःच्या पाण्यात पूर्ण बुडाला पाहिजे. वर स्वच्छ वाटी दाबून ठेवा. माझी पहिली बरणी इथेच बिघडली. वर आलेल्या कोबीला बुरशी धरली आणि सगळे टाकून द्यावे लागले. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. आपल्या हवेत पाच-सात दिवसांत छान आंबटपणा येतो. मग बरणी फ्रीजमध्ये ठेवा.

साहित्य : आंबवलेला कोबी अर्धा किलो, सॉसेज पाव किलो, बटाटे ३, गाजर १, कांदा १, तमालपत्रे २, मिरे ५-६, शहाजिरे व वाळवलेला मरवा एकेक चमचा, पाणी दीड लिटर.

कृती : कोबी, गाजराच्या फोडी, तमालपत्र, मिरे आणि शहाजिरे पाण्यात घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवा. बटाटे वेगळे उकडा. चिंच घातलेल्या आमटीत बटाटा लवकर शिजत नाही, तसेच इथेही होते. कांदा आणि सॉसेजच्या चकत्या थोड्या तेलावर लालसर परता. सगळे एकत्र करून दहा मिनिटे उकळा, शेवटी मरवा चुरून घाला. मीठ चव बघूनच घाला, कारण कोबीत ते असतेच. फार आंबट वाटल्यास कोबी आधी एका पाण्यातून काढा.

पोलंडचे सॉसेज, म्हणजे ‘क्येऊबासा’, बहुधा डुकराच्या मांसाचे, लसूण आणि मरवा घालून धुरावलेले असते, तिखट नसते. गोव्याचे चोरीस घातले तर तिखट आणि व्हिनेगरची चव वर येते. धुरावलेले चिकन सॉसेज चालेल. शाकाहारी घरांत सॉसेजऐवजी मशरूम आणि उकडलेले वाटाणे घाला. पोलंडमध्येही नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात मांस नसते, तेव्हा कोबीबरोबर वाटाणे किंवा मशरूम असतातच.

आणि मरवा? गजऱ्यात माळतो तोच, कन्नडमधला मरुगा. सासूबाईंनी परसातला आणून दिला, पण बरणीच्या वासाने नाक मुरडलेच होते. तिकडे हे सूप राईच्या पावाबरोबर खातात; आम्ही जोंधळ्याची भाकरी घेतली. पहिला घोट घेऊन सासूबाई गप्प बसल्या. मग वाटी पुढे करत म्हणाल्या, ‘हुळी छलो आगेद!’

त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या हातच्या पदार्थाला त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.