आवरणे वेगळे, देणे वेगळे

दिवाळीच्या साफसफाईत निघालेली खेळणी आणि आखूड झालेले कपडे 'गरजूंना' देण्याचे काम बहुतेक घरांत पालकच उरकतात, आणि तेही बरेचदा मूल शाळेत गेलेले असताना. घर त्यामुळे मोकळे होते हे खरे. परंतु मुलाच्या अंगी उदारता यावी हा हेतू त्यातून साधत नाही, कारण नकोशी वस्तू घराबाहेर काढणे आणि हवीशी वस्तू दुसऱ्याला देणे या अगदी निराळ्या क्रिया आहेत. (बोहारणीशी घासाघीस करून जुन्या कपड्यांवर भांडी घेणाऱ्या पिढीने त्या व्यवहाराला कधी दान म्हटले नाही, हा तिचा प्रामाणिकपणाच.)

लारा अ‍ॅकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलांना खाऊ देऊन तो एका बाहुल्याला भरवायला सांगण्यात आले, तेव्हा आयता मिळालेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना मुलांचे चेहरे अधिक खुलल्याचे आढळले. नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्नीर यांच्या २०१३ च्या अभ्यासात, स्टिकर स्वतःकडे ठेवण्याची मुभा असूनही तो दुसऱ्याला देण्याची संधी ज्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना मिळाली, त्यांनी पुढच्या वेळी इतरांपेक्षा अधिक दिले. तात्पर्य, देण्याला थोडी झीज आणि नकाराची मोकळीक, दोन्ही लागतात.

विनोबांच्या सर्वोदयपात्रामागे, म्हणजे समाजकार्यासाठी घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढण्याच्या योजनेमागे, हीच जाण होती. मोठ्यांच्या मुठीने धान्य जास्त जमले असते, तरी ती मूठ घरातल्या लहान मुलाची असावी असा त्यांचा आग्रह होता, कारण धान्याइतकेच महत्त्व त्या मुलाच्या शिक्षणाला होते.

घेणाऱ्याचा मान हा या शिक्षणाचा दुसरा, सहसा विसरला जाणारा भाग आहे. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतून जमलेले कपडे गावकऱ्यांनी विहीर खोदणे, रस्ता दुरुस्त करणे अशा स्वतः ठरवलेल्या कामांचा मोबदला म्हणून देते.

म्हणून वस्तू मुलाने स्वतः निवडावी, पुसून, तुटलेले बटण लावून द्यावी आणि त्याने 'नाही' म्हटल्यास ते मानावे. पाय मोडलेली बाहुली आणि अर्धवट सोडवलेली व्यवसायमाला मात्र भंगार-रद्दीतच टाकावी, दानाच्या पिशवीत नव्हे.