न दिसणाऱ्या दुकानदाराशीं व्यवहार

आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाला तीन गोष्टी फुकट मिळतात. विकणाऱ्याचा चेहरा दिसतो, माल हातांत घेऊन पारखतां येतो आणि फसगत झाली तर पुढच्या बाजारीं त्याच माणसाला जाब विचारतां येतो. मोबाइलवरच्या बाजारांत यांपैकीं एकहि नाहीं. तेव्हां त्यांच्या जागीं आपल्या हातीं काय आहे, हें पैसे देण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे.

उदाहरण आमच्या जव्हार-मोखाड्याकडचेंच घेतों. या डोंगरी मुलखांतलीं वारली चित्रें आज शहरांतल्या पुष्कळ दिवाणखान्यांत दिसतात. पूर्वीं तीं लग्नप्रसंगीं सवासिनी घराच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें काढीत. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून तीं कागदावर आलीं व जगभर गेलीं. म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें ते वारले. त्याआधीं २०१४ सालीं वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे हें नांव त्या प्रदेशाच्या व परंपरेच्या मालकीचें झालें. परंतु यंत्रावर छापलेलीं चित्रें ‘हातानें काढलेलीं’ म्हणून विकण्याचा धंदा कांहीं त्यामुळें थांबला नाहीं. छापील चित्र छापील म्हणून घेण्यांत वावगें नाहीं. मात्र हातच्या कामाचें मोल देऊन तें घेतलें तर गिऱ्हाईक बुडतें, आणि पाड्यावर दिवसचे दिवस बसून चित्र काढणाराहि बुडतो.

पारख अवघड नाहीं. वारली चित्रांतला माणूस म्हणजे टोंकाला टोंक लावलेले दोन त्रिकोण. बांबूच्या काडीचें टोंक चघळून केलेल्या कुंचल्यानें ते काढले कीं रेघ कोठें जाड, कोठें बारीक होते, आणि दोन आकृति हुबेहूब सारख्या कधींच उतरत नाहींत. विक्रेत्यानें दिलेला फोटो मोठा करून पाहावा. नाचणाऱ्यांच्या फेऱ्यांतला प्रत्येक गडी एकाच सांच्यांतला असेल, तर तो छापलेला समजावा. वर्णन शब्दशः वाचावें. ‘वारली शैलीचें’ या शब्दांत विक्रेत्यानें आपली सुटका आधींच करून ठेवलेली असते! काढणाऱ्याचें नांव, गांव आणि चित्राचा तिरका घेतलेला फोटो मागावा. खऱ्या विक्रेत्याला हें सहज देतां येतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रसिद्ध संकेतस्थळाचें नांव पाहून आपण निर्धास्त होतों. पण बाजाराची जागा ग्रामपंचायतीची असली तरी दुकान निराळ्याचेंच असतें, तसेंच तेथेंहि आहे. म्हणून २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनीं विक्रेत्याचें नांव-पत्ता दाखविणें संकेतस्थळावर बंधनकारक केलें. तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच व महिन्याभरांत निकाल द्यावा, असेंहि त्यांत आहे. विक्रेत्याचें हें पान उघडून पाहणारे फारच थोडे. आणि पत्त्याशेजारीं दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबूं नये. वाटेंत आपला मजकूर कोणी वाचणार नाहीं, एवढेंच तें सांगतें. पलीकडचा इसम साव कीं चोर, याविषयीं तें मुकें आहे.

खरी खूण पुढेंच आहे. भामटा प्रथम तुम्हांला त्या बाजारांतून बाहेर काढतो. ‘येथें दलाली जाते, माझ्या नंबरवर परस्पर पैसे पाठवा, दोनशें रुपये कमी करतों,’ असें तो म्हणतो. या दोनशें रुपयांच्या बदल्यांत आपण विक्रेत्याची नोंद, माल परत करण्याची सोय व संकेतस्थळाची जबाबदारी, तिन्ही सोडून देतों.

विकणाऱ्यालाहि धोका कमी नाहीं. समजा, मोखाड्याच्या एखाद्या तरुणानें आपलें चित्र विक्रीस ठेवलें. गिऱ्हाईकाचा फोन येतो: ‘मी सैन्यांत आहें, बदलीच्या गडबडींत आहें, क्यूआर कोड पाठवितों, तो स्कॅन करून पिन टाका, म्हणजे रक्कम जमा होईल.’ सैन्याचें नांव ऐकून मुलगा विश्वासतो आणि खात्यांत होतें तेंहि जातें. पिन म्हणजे बँकेतून पैसे काढण्याच्या चिठ्ठीवरील सही. पैसे घेण्यासाठीं अशी सही कोणी करतो काय? हें घरांतल्या मुलांना व वडीलधाऱ्यांना एकदां समजावून द्यावें. चलाख शहरी माणसेंहि या युक्तीला बळी पडलीं आहेत.

पैसे गेलेच तर लाजेनें गप्प बसूं नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेला कळवावें. चोरीची रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत झपाट्यानें फिरते. ती निघून जाण्याआधीं कळलें तरच अडवितां येते. माल खोटा निघाल्यास ग्राहक-मदतीचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. विक्रेता दिल्लीस असो वा सुरतेस, तिकडे खेटे घालावे लागत नाहींत. मात्र पुरावा पाहिजे. पार्सल फोडतांना चित्रफीत घ्यावी, पावती टाकूं नये. आणि विक्रेत्यानें लिहिलेल्या वर्णनाचा फोटो खरेदीच्या दिवशींच काढून ठेवावा, कारण तक्रार गेल्यावर ‘हातानें काढलेलें’ हे शब्द त्या पानावर राहतीलच, असें नाहीं.