दोन अचूक पर्यायांचा प्रश्न

परीक्षेच्या तयारीत समाजमाध्यमांचा उपयोग किती होतो हे ठरवताना वर्गाच्या गटावर किती सराव संच आले यापेक्षा विद्यार्थ्याच्या चुकलेल्या उत्तराचे पुढे काय झाले, हे पाहावे लागते. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात या माध्यमाची गरज एकाएकी उभी राहिली. 23 मार्च 2020 रोजी, म्हणजे दहावीचा भूगोलाचा पेपर ज्या दिवशी व्हायचा होता त्याच दिवशी, शहरातील एकाच कुटुंबातील चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. आधीच पुढे ढकललेला तो पेपर अखेर रद्द झाला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली आणि तिचे रोजचे साहित्य शिक्षकांमार्फत पालकांच्या फोनवर पोहोचू लागले. पुढे शाळा उघडल्या, तरी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट राहिला.

या गटाची वेळ घरातल्या फोनवर ठरते. फोन बहुधा पालकांचा असतो आणि दिवसभर त्यांच्याबरोबर शेतात, कारखान्यावर किंवा दुकानात असतो, त्यामुळे प्रश्न संध्याकाळनंतर टाकले तरच ते मुलांच्या हाती पडतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये, म्हणजे पर्यायांवर मत नोंदवण्याच्या सोयीत, कोणी काय निवडले हे सर्वांना दिसते, म्हणून हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचे उत्तर पाहून इतरांनी तेच निवडण्याचा धोका असतो. गूगल फॉर्मवर उत्तरे फक्त शिक्षकाकडे जातात.

आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत या साधनांची खरी कसोटी लागली. 2017 पासून काही वर्षे ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीसाठी घेतली गेली. तिच्या दोन पेपरांत प्रत्येकी 75 प्रश्न व 150 गुण असत, आणि आठवीच्या प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असत, ते दोन्ही नोंदवल्याशिवाय गुण मिळत नसत. टेलिग्रामवर 2020 च्या जानेवारीत आलेली प्रश्नमंजुषेची सोय एकच उत्तर बरोबर मानण्याच्या रीतीने तयार झाली, त्यामुळे केवळ तिच्यावर सराव करणाऱ्या मुलाला पहिला अचूक पर्याय सापडताच थांबण्याची सवय लागे, आणि हीच सवय परीक्षेत महाग पडे. फॉर्ममध्ये एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा ठेवली, तर कोणी एकच पर्याय निवडून थांबले हे शिक्षकाला रकान्यात लगेच दिसते. अशा प्रश्नांचे दुसऱ्या दिवशी फळ्यावर किंवा दोन मिनिटांच्या आवाजी संदेशातून स्पष्टीकरण देणे, हे या साऱ्या कामातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत वेळखाऊ काम आहे. इतर गटांवरून पुढे पाठवलेल्या पीडीएफ संचांचा ढीग त्याची जागा घेऊ शकत नाही. उत्तरसूचीसुद्धा फक्त बरोबर पर्याय सांगते, मूल कोणत्या पायरीवर घसरले ते सांगत नाही.

परीक्षा मात्र कागदावर होते. ओएमआर उत्तरपत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या पत्रिकेवर, पेनाने रंगवलेले वर्तुळ खोडून बदलता येत नाही, आणि 90 मिनिटांत 75 प्रश्न सोडवून गोल रंगवण्याचा वेगही स्क्रीनवर बोट टेकवून येत नाही. म्हणून परीक्षा जवळ आली की गटावरचे प्रश्न कमी करून छापील उत्तरपत्रिकेवर घड्याळ लावून सराव घ्यावा लागतो, आणि त्यात चुकलेले प्रश्न त्याच संध्याकाळी गटावर चर्चेला आणता येतात.