नकार कळेल अशा भाषेत द्या

पीएम-किसानचा हप्ता अडकला की अकोटच्या किंवा दर्यापूरच्या कास्तकाराला त्याचे कारण मोबाइलच्या पडद्यावर तीन ओळींत दिसते. लँड सीडिंग : नो. ई-केवायसी स्टेटस : येस. आधार बँक अकाउंट सीडिंग : नो. पहिल्या ‘नो’चा अर्थ असा की सातबाऱ्याची नोंद जुळलेली नाही. तिथे तलाठी आणि तालुका कृषी कार्यालय गाठावे लागते. (तलाठ्याच्या हुद्द्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात तो तलाठीच आहे.) दुसरा ‘नो’ बँकेचा. ज्याला या ओळी वाचता येत नाहीत, त्याच्या वाट्याला एवढेच येते : ‘पैसे आले नाही, मंग या.’ जायचे असते बँकेत, तो जातो तलाठ्याकडे. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

ही योजना 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली. वर्षाला 6000 रुपये, 2000 चे तीन हप्ते. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6000 त्याच यादीवरून मिळतात, त्यामुळे एक ‘नो’ दोन्हीकडचे पैसे अडवतो.

इंग्रजी येत नाही म्हणून वऱ्हाडातल्या माणसाला योजनाच मिळत नाहीत, असे काही नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. घोषणा मराठीत होते, शिबिराचे बॅनर मराठीत लागते, बहुतेक अर्जही मराठीत असतो. घोडे अडते ते नकारापाशी. मंजुरी कोणत्याही भाषेत आली तरी खात्यातले पैसे समजतात. नकार वाचावा लागतो, आणि तो यंत्राकडून येतो, इंग्रजीत.

यंत्राचे रुसणे बहुतेक वेळा नावावरून असते. सातबारा देवनागरीत, बँकेचे खाते रोमनमध्ये, आधार दोन्हींत. गावंडे, वानखडे ही आडनावे एका कागदावर डब्ल्यूने लिहिलेली, दुसऱ्यावर व्हीने. इंगळ्यांच्या ‘ळ’ला रोमनमध्ये अक्षरच नाही. आधारवरची कमलाबाई बँकेत नुसती कमला होते, रामराव राम होतात. लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर चढते, दुसऱ्यावर राहून जाते. तलाठ्याला ही एकच बाई आहे हे ठाऊक असते. जुळणी करणाऱ्या संगणकाला त्या दोघीजणी दिसतात.

दुसरा घोळ खात्याचा. आधारवर आधारलेली रक्कम पाठवताना अर्जातला खाते क्रमांक पाहिला जात नाही. एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारला शेवटी जी बँक जोडली गेली असेल, तिथे पैसे जातात. समजा, संजय गांधी निराधार योजनेच्या 1500 रुपयांची वाट पाहणाऱ्या एखाद्या आजीने मधे कोणाच्या सांगण्यावरून दुसरे खाते उघडले. पैसे आता तिकडे पडतात. ती मात्र जुने पासबुक घेऊन जुन्याच बँकेत खेटे घालते. तसा संदेश तिच्या नातवाच्या मोबाइलवर आलेला असतो, पण इंग्रजी मजकूर म्हणजे कंपनीची जाहिरात असे समजून तो केव्हाच पुसलेला असतो.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक असे ग्राहकाच्या हाती पडणारे सगळे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत असावे, असा तिचा बँकांना निर्देश आहे. पण नियम छापील कागदाबद्दल बोलतो, आणि व्यवहार कागदावरून मोबाइलवर गेला.

मग मधे सेतूवाला येतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. फॉर्ममागे पैसे जास्त घेतो ही तक्रार जुनीच. पण तालुक्याच्या गावी सरकारी इंग्रजीचा अर्थ सांगणारा बहुतेकदा तोच एकटा असतो, आणि अर्थ सांगण्यासाठी त्याला कोणी नेमलेले नाही. त्यामुळे संवाद साधारण असा होतो :

‘‘मावशी, तुमचं सीडिंग इनॲक्टिव्ह दाखोते.’’

‘‘म्हंजे काय रे भाऊ?’’

‘‘म्हंजे ब्यांकीत जा.’’

‘‘तिथं काय सांगू?’’

पुढचे सहसा तिला कोणी सांगत नाही, कारण मागे रांग उभी असते.

‘माझी लाडकी बहीण’ योजनेत हे सगळे मोठ्या प्रमाणावर दिसले. 2024 मध्ये अर्ज भरणे चालू असतानाच मराठीत भरलेले अर्ज बाद होणार अशी आवई उठली. मराठी अर्ज ग्राह्य धरले जातील असा खुलासा महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांना करावा लागला. मराठी राज्याच्या योजनेत असा खुलासा करण्याची वेळ यावी, यातच सारे आले. पुढे 2025 मध्ये ई-केवायसी आली आणि भाषेची दुसरी गंमत झाली. कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत नाही, या अर्थाचे वाक्य तिथे नकारार्थी होते. त्यावर ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’, यात अनेकींची फसगत झाली आणि दुरुस्तीसाठी 31 डिसेंबर 2025 पर्यंत एक संधी द्यावी लागली. तेव्हा मजकूर मराठीत आणला की काम झाले असे समजू नये. कचेरीची मराठीही घरात बोलली जात नाही.

लोकांना कळेल अशा भाषेत लिहायचे की पंडितांच्या, हा वाद सात शतकांपूर्वीच होऊन गेला आहे. महानुभाव पंथाच्या ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्यांची आठवण आहे. पंडित शिष्य संस्कृतात ग्रंथ रचू लागला तेव्हा त्यांनी त्याला अडवले. कारण दिले ते असे की, त्याने आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. त्याच पंथाच्या रिद्धपुरात, अमरावती जिल्ह्यातच, आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. माझी त्या विद्यापीठाला एक सूचना आहे : पीएम-किसानच्या पडद्यावरची नकाराची वाक्ये घ्या आणि चौथी शिकलेल्या माणसाला कळतील अशा मराठीत लिहून शासनाला द्या. ती काही शेकड्याने नसतील.

आणि मेळघाट? धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू माणसापुढे मराठी उभी राहते ती इतरांपुढे इंग्रजी राहते तशीच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून तिचे सव्वासात लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले, तरी आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. मातृवंदना योजनेचा अर्ज, वनहक्काचा दावा, रोजगार हमीची थकलेली मजुरी, सगळे आधी मराठीत समजून घ्यायचे. बाजारात आणि बँकेत हिंदीवर निभावून न्यायचे. त्यानंतर पोर्टलची इंग्रजी. म्हणजे कागद घरी पोचेपर्यंत तीन भाषांतून गळत गळत येतो. हे गळणे थोपवते ती बहुधा गावातलीच अंगणवाडी सेविका किंवा आशा. कोरकूत समजावून सांगण्याचे काम तिच्या कामांच्या यादीत कुठे मोजले जात नाही, मानधनात तर नाहीच. धारणी तालुक्यातल्या हरिसालचा 2016 मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला. जोडणी आली, हे चांगलेच झाले. जोडणीच्या पलीकडून कोरकू बोलणारे कोणी हवे, हे कोणाच्या योजनेत नव्हते.

अमेरिकेत 2000 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला होता : इंग्रजी कमी येणाऱ्यांपर्यंत सरकारी सेवा अर्थासह पोचवण्याची सोय खात्यांनी करावी. मार्च 2025 मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना ट्रम्प यांनी तो रद्द केला. आपल्याकडची तरतूद मात्र संविधानातच आहे, अशी कोणाच्या सहीने जाणारी नाही. 350 वे कलम सांगते की, गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्यात आठव्या अनुसूचीची अट नाही. कोरकूतला अर्जही त्यात बसतो. मात्र उत्तर कोणत्या भाषेत यावे हे ते कलम सांगत नाही, आणि सगळा त्रास उत्तराचाच आहे.

म्हणून मागणी उत्तराची करावी. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना नवा कायदा लागत नाही. हप्ता अडला की कारण, कोणाकडे जायचे आणि कोणता कागद न्यायचा, या तीन गोष्टी मराठीत लिहिलेली चिठ्ठी सेतू केंद्रातून द्यायला लावावी. धारणी-चिखलदऱ्यात ती कोरकूत वाचून दाखवणाऱ्याला मानधन द्यावे.

आणि तुमच्या घरी, शेजारी, शेतात कामाला येणाऱ्या कोणाचा पैसा अडला असेल, तर त्याचा मोबाइल हातात घेऊन संदेश शेवटपर्यंत वाचून दाखवा. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी, लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित सेवा असेल तर नामंजुरीचे कारण लेखी मागा. ते देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पहिले अपील 30 दिवसांत करायचे असते, आणि नकार मिळाला की ते दिवस मोजायला सुरुवात होते, तो समजला असो वा नसो.